सत्काराला येणार नाही

धारणी, मेळघाट
३ एप्रिल २०२५

अक्का,

लांबूनच वाकून नमस्कार करते.

इथं मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. रेंज हवी तर टेकडी चढायची, आणि चढून तुम्हाला फोन लावला तर तुम्ही "जेवलीस का, बरी आहेस ना" एवढं विचारून ठेवून देता. म्हणून पत्र लिहितेय. पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो, पण येतो.

परवा आप्पासाहेबांचं निमंत्रण मिळालं. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. ११ मे रोजी औरंगपुऱ्यातल्या सभागृहात श्रीमती अनसूया सेलूकर यांचा कृतज्ञता सोहळा, वेरूळचं मुलींचं उन्हाळी शिबिर एकतीस वर्षं चालवल्याबद्दल. आणि प्रमुख पाहुणी कोण, तर मी! मानपत्रही मीच लिहायचंय. पत्र हातात घेऊन चौकीभर नाचले. माझे फॉरेस्ट गार्ड म्हणाले, मॅडमना बढती लागली वाटतं.

अक्का, फुलंब्रीहून मी पहिल्यांदा शिबिराला आले तेव्हा किती रडले होते, आठवतं? तरंगायला पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधलेला आणि मी विहिरीच्या पायरीला घोरपडीसारखी चिकटलेली. बाकीच्या पोरी हसत होत्या. तुम्ही मला ढकललं नाहीत की रागावला नाहीत. शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "रड बाई, मला घाई नाही. घरी जायचं असेल तर रस्ता तिकडं आहे. पाण्यात यायचं असेल तर मी इकडं आहे." मी दुपारपर्यंत रडले आणि मग कंटाळून पाण्यात उतरले.

आज वणवा लागला की वीस-वीस माणसं माझ्या मागून डोंगर चढतात. त्यांच्यापुढं चालताना माझे पाय लटपटत नाहीत. त्यातलं किती तुमचं आहे ते मला मानपत्रात लिहायचंय. कोणती साडी नेसणार ते कळवा. मी त्याच रंगाची नेसेन.

तुमची
श्रेया औताडे


छत्रपती संभाजीनगर
११ एप्रिल

चि. श्रेया,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, पळत सुटल्यासारखं.

सत्काराला मी येणार नाही. त्या दिवशी मला दुसरं काम आहे. आप्पासाहेबांना तसं कळवलंय, पण त्यांना ते ऐकू आलेलं दिसत नाही.

वणव्याच्या धुरात जातेस तर तोंडाला ओलं फडकं बांधत जा. सरकारी मास्क काही कामाचे नसतात. गूळ आणि शेंगदाणे खिशात ठेव.

इथं ऊन लई चढलंय. माझी तब्येत उत्तम आहे. कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

अनेक आशीर्वाद.
अक्का


धारणी
१७ एप्रिल

अक्का,

"दुसरं काम"! उन्हाळ्यात तुम्हाला शिबिराशिवाय दुसरं कोणतं काम असतं? आणि शिबिर तर संस्थेचंच. मग ते एक दिवस पुढं ढकलता येणार नाही का?

मला खरं कारण माहीत आहे. तुम्हाला संकोच वाटतो. स्टेजवर चढायचं, हार घालून घ्यायचे, लोक गोड बोलत असताना मान खाली घालून बसायचं, हे तुम्हाला कधी जमलंच नाही. दहावीच्या वर्षी आम्ही तुमच्या वाढदिवसाला केक आणला, तर तुम्ही तो कापायच्या आधी आम्हाला डोंगराला एक चक्कर मारायला लावली होती. पण हा मान एकट्या तुमचा नाही, अक्का. फर्दापूरपासून पैठणपर्यंतच्या कितीतरी बायकांचा आहे. त्यांच्यासाठी तरी एक तास खुर्चीवर बसा.

मानपत्राचा कच्चा मसुदा सोबत पाठवते. काही शब्द आप्पासाहेबांनीच सुचवलेत: "त्यागमूर्ती", "मातृहृदयी", "निरपेक्ष सेवेचा नंदादीप". जरा जड झालंय का? तुम्हीच दुरुस्त करून पाठवा.

आता नाही म्हणू नका हं.

तुमची
श्रेया


छत्रपती संभाजीनगर
२४ एप्रिल

चि. श्रेया,

मसुदा परत पाठवते आहे. लाल पेनानं मी फक्त एकच शब्द खोडलाय, "त्यागमूर्ती". मी काय त्यागलं गं? लग्न केलं नाही ते मनात नव्हतं म्हणून. शिबिर घेतलं ते मनात होतं म्हणून. आयुष्यभर मला हवं तेच करत आले. याला त्याग म्हणायचं असेल तर म्हणोत. आणि मूर्तीचं एक असतं, एकदा बसवली की तिला हलता येत नाही. त्यांना तेच हवंय.

तुला वाटतं मला संकोच होतो. नाही. मला राग आलाय. तू वाचताना घाबरणार नाहीस म्हणून सगळं सांगते.

गेल्या मे महिन्यात कातळावर चढताना एका मुलीचा हात मनगटाजवळ मोडला. दोर होता, खाली मी होते, तरी शेवटच्या टप्प्यावर पाय निसटला आणि हात कातळावर आपटला. प्लास्टर लागलं, महिन्याभरात निघालं. मुलगी तेव्हाही हसतच घरी गेली होती. पण मार्चमध्ये संस्थेची बैठक झाली आणि मला बोलावणं आलं. आप्पासाहेब म्हणाले, "बाई, यंदापासून मुलींचं पोहणं आणि कातळ बंद. त्यांच्यासाठी मेंदी, रांगोळी, व्यक्तिमत्त्व विकास. सगळं शहरात, पंख्याखाली."

मी विचारलं, "मुलांचं?"

"मुलांचं चालू राहील. त्यांचं निराळं असतं."

"दोन वर्षांमागं मुलांच्या शिबिरात एकाचा पाय मोडला. तुम्ही पेढे घेऊन त्याला भेटायला गेलात आणि वाघ आहेस म्हणून पाठ थोपटलीत. मी शेजारीच उभी होते."

ते म्हणाले, "उद्या मुलीच्या जातीला काही कमी-जास्त झालं तर लोकांना तोंड कोण देणार?"

"मीच देणार. आजवर कोण देत आलं?"

"तुमचंही वय झालं आता. तुम्ही मार्गदर्शक म्हणून राहा. आम्ही मोठा सत्कार करतो."

कशाचं मार्गदर्शन करू? मेंदीचं? मला रांगोळी काढायला आवडते. दिवाळीत माझ्या दारात असते, तू पाहिली आहेस. पण पोरींना पाण्यातून बाहेर काढून रांगोळीपुढं बसवायचं म्हणजे ती शिक्षा झाली. मी असल्या शिक्षेवर पहारा करणार नाही.

तर तो सत्कार म्हणजे माझा निरोप आहे, आणि माझ्याबरोबर पोरींच्या विहिरीचाही. मी ती शाल खांद्यावर घेतली की माझी संमती झाली. म्हणून येणार नाही.

आता दुसरं काम कोणतं ते सांगते. भागूबाई आठवते? शिबिरात भाकऱ्या करायची. एका दुपारी तुम्हाला पोहताना बघून तिनं पदर खोचला आणि पाण्यात उतरली होती. वेरूळजवळ तिचं रान आहे, पायऱ्यांची विहीर आहे, मेमध्येही पाणी असतं. मी गेले तिच्याकडं. म्हटलं, "भागूबाई, संस्थेनं जागा काढून घेतली. तुझ्या विहिरीवर शिबिर घेऊ का?"

ती शेण सारवत होती. हातही न धुता म्हणाली, "हीर माझी हाय, पोरी तुमच्या हायेत. मंग इचारायचं कुणाला?"

"लोक बोलतील."

"बोलू द्या की. लोकं माझ्या लग्नातबी बोललेच व्हते. तवापास्नं बोलायलेच की."

अकरा मेला सकाळी शिबिर सुरू होतंय. मुद्दाम तोच दिवस धरला. आई-बापांच्या घरी जाऊन विचारतेय. काही दार लावतात, काही चहा करतात. आतापर्यंत नऊ मुली झाल्यात. एकच असती तरी घेतलं असतं.

अक्का


धारणी
३० एप्रिल

अक्का,

मानपत्र फाडलं. तुम्ही एकच शब्द खोडला होतात, मी उरलेले सगळे खोडले.

माझी मलाच लाज वाटतेय. तुम्ही सरळ "येणार नाही" म्हणालात आणि मी साडीचे रंग विचारत बसले. तुमचं "नाही" आम्हाला लहानपणी पहिल्या फटक्यात कळायचं. मोठी झाल्यावर मला ते लाजणं वाटलं!

पहिल्यांदा वाटलं, निमंत्रण परत पाठवावं. मग वाटलं, नको. तुम्ही नसणार, मीही नसणार, तर तिथं तुमच्याबद्दल नुसतं गोड गोड बोललं जाईल आणि टाळ्या पडतील. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येईल की सेलूकरबाईंनी समाधानानं शिबिर सोडलं.

मी जाणार आहे. परवानगी मागत नाहीये, कळवतेय.

श्रेया


छत्रपती संभाजीनगर
५ मे

चि. श्रेया,

जा. तू कुठं जावंस हे मी कधीच ठरवलं नाही.

पण दोन गोष्टी सांगते. माझ्यासाठी भांडू नकोस. मला कुणी काढू शकत नाही, मी नोकरीला नव्हतेच. भांडायचं तर पोरींसाठी भांड.

दुसरं, आप्पासाहेबांना खलनायक करू नकोस. पहिल्या वर्षी कुणी मुलगी पाठवायला तयार नव्हतं. तेव्हा हाच माणूस आपल्या राजदूत फटफटीवर मला मागं बसवून गावोगाव हिंडला. खुलताबादला एका वाड्याच्या दारात त्यांना लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. ते म्हणाले होते, "बाई पाण्यात आहे तोवर तुमची लेक बुडत नाही, मी लिहून देतो." ते खोटं बोलत नव्हते, आणि आजही खोटं बोलत नाहीत. आज ते भ्यालेत. भ्यालेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तुला पायरीवर बसून शिकवलंय.

त्यांचा मान ठेव. पण स्वतःची मान खाली घालू नकोस.

इथं मंडप टाकून झाला. दोर नवीन आणले. भागूबाईनं कैऱ्या उतरवून ठेवल्यात, पन्ह्याची सोय झाली. मुली चौदा.

अक्का


धारणी
१४ मे

अक्का,

सोहळा आटोपून तुमच्याकडं वेरूळला यायचं पक्कं ठरवलं होतं. सभागृहातून बाहेर पडते तर ऑफिसचा फोन, अकोट बाजूला वणवा लागलाय. तशीच गाडीत बसले. काल आग विझली. आज तुम्हाला सगळं सांगते, कारण तुमच्यापर्यंत काय काय तिखटमीठ लावून पोचलं असेल देव जाणे.

सभागृह भरलं होतं. आपल्या शिबिरातल्या बायका ओळखू येत होत्या, कुणी मुलांना घेऊन, कुणी नवऱ्याला घेऊन आलेल्या. तुम्ही येणार नाही हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पडदा उघडला आणि स्टेजवर मधोमध एक मोठी खुर्ची, खुर्चीत तुमचा फोटो. फोटोवर शाल पांघरलेली. एवढ्यावर भागलं असतं. पण सजावटवाल्यानं उत्साहात फोटोला झेंडूचा हार घातला होता आणि पुढं समई लावली होती!

अक्का, सगळं सभागृह चरकलं. मागच्या ओळीत कुणीतरी हंबरडाच फोडला, "अगं बाई, कधी गेल्या?" एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांच्यामागं दोन-चार ओळी श्रद्धांजलीसाठी उभ्या राहिल्या.

मी माझ्या खुर्चीवरून उठले. माझं नाव पुकारायचं होतं अजून. आधी समई विझवली, मग हार काढला. माइकवर जाऊन म्हणाले, "बसा सगळे. अक्का जिवंत आहेत. आत्ता या घटकेला वेरूळला भागूबाईंच्या विहिरीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पोरींना हातपाय मारायला शिकवतायत. म्हणून आल्या नाहीत."

लोक हसले, मग टाळ्या. पहिल्या ओळीतून आप्पासाहेब हळूच म्हणाले, "मानपत्र वाच, श्रेया."

मी म्हणाले, "आप्पासाहेब, मानपत्र मी फाडलं. तुमचा मला आदर आहे. तुमच्या राजदूतवरून हे शिबिर सुरू झालं, ते इथं कुणाला माहीत नसेल तर मी सांगते. पण त्याच शिबिरातली विहीर तुम्ही मुलींना बंद केलीत आणि मुलांना चालू ठेवलीत. ज्या बाईचं काम थांबवलं तिला शाल कशाची? काम चालू ठेवा, मग मी स्वतः शाल घेऊन येते."

व्यवस्थापकानं माइक बंद केला. तुम्हीच शिकवलंय डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायला. मी बिनमाइकची बोलले, "अक्कांकडं ज्या ज्या पोहायला शिकल्या त्या उभ्या राहा."

थोडा वेळ कुणीच हललं नाही. मग पहिल्या ओळीतून, आप्पासाहेबांच्या अगदी शेजारच्या खुर्चीतून, एक बाई उठली. सोनिया! आपल्या तंबूतली सोनिया, विहिरीत सगळ्यात उंचावरून सूर मारायची ती. ती आप्पासाहेबांची सून आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सरळ केला, सासऱ्यांकडं बघितलं आणि उभी राहिली. मग एकेक करत सगळं सभागृहच उठलं म्हणा. आप्पासाहेब बसूनच होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बाहेर जिन्यात सोनियानं मला धरलं. म्हणाली, "मनगट मोडलं ती माझी मेघा. अक्कांनी तुला सांगितलं नाही?"

नाही सांगितलंत. का, अक्का? हे माहीत असतं तर मी थोडं मऊ बोलले असते. किंवा कदाचित जास्तच कडक.

सोनिया म्हणाली, "मेघा वर्षभर रोज विचारतेय, मे कधी येणार. मामंजींनी घरात पोहण्याचं नाव काढायचं नाही असं सांगितलंय. मी उद्या तिला वेरूळला घेऊन जाणार. घरात जे व्हायचं ते होऊ दे."

ती आली का? तेवढं लगेच कळवा.

तुमची
श्रेया


वेरूळ
२५ मे

चि. श्रेया,

काल शिबिर संपलं. आज मांडव उतरवतोय. तुला उशिरा लिहितेय कारण इथं दिवसा पोरी आणि रात्री झोप, मधे काही नाही.

फोटोचा किस्सा चार जणींनी चार तऱ्हेनं सांगितला. भागूबाई इतकी हसली की तिची भाकरी जळली. म्हणाली, "बाई, आता तुमास्नी मरायची भीती न्हाय. एकदा हून गेलं."

मेघाचं नाव तुला का सांगितलं नाही, विचारतेस. नाव कळलं असतं तर सगळ्यांनी त्या पोरीकडं बोट दाखवलं असतं, हिच्यामुळं शिबिर बंद पडलं म्हणून. अकरा वर्षांची पोर ती. तिचा फक्त पाय निसटला होता. शिबिर मोठ्या माणसांनी बंद केलं.

सोनिया तिला घेऊन बारा तारखेलाच आली. नुसती सोडून गेली नाही, स्वतः राहिली. तुझ्या त्या सभागृहातल्या आणखीही बायका लेकींना, भाच्यांना घेऊन आल्या. मांडव अपुरा पडला तेव्हा आंब्याखाली सतरंज्या टाकल्या. दोन गावकरी सांगायला आले की बायकांनी असं उघड्यावर पोहणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, "बरं दिसत नसेल तर बघू नका. तुमच्या मुली आणता का?" त्यातला एक तिसऱ्या दिवशी घेऊन आला. दुसरा अजून गावभर बोलत फिरतोय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेघाला पाण्याची भीती उरली नाही, पण उंचीची होती. मनगट धरून कठड्यावर नुसती उभी राहायची आणि उतरायची. मी काही बोलले नाही. सोनियाचा जीव वरखाली व्हायचा, तिलाही मी बोलू दिलं नाही.

मग एका सकाळी आप्पासाहेबांची गाडी बांधावर येऊन थांबली. एकटेच उतरले, काठी टेकत. सोनिया पाण्यात होती, ती तशीच ओल्या अंगानं वर येऊन उभी राहिली.

तिला वळसा घालून ते माझ्यापुढं आले. "बाई, सगळ्या गावासमोर माझी शोभा झाली."

"ती मी केली नाही, आप्पासाहेब. मी इथं होते."

"संस्थेचा निर्णय बदलणार नाही."

"नका बदलू. आम्हाला विहीर आहे."

"आणि ही बुडाली तर?" त्यांचा आवाज फाटला. मला तेव्हा कळलं, वर्षभर त्यांना प्लास्टर दिसत नव्हतं, याहून वाईट काहीतरी दिसत होतं.

मी म्हटलं, "बाई पाण्यात आहे तोवर तुमची नात बुडत नाही. मी लिहून देत नाही, कारण तुम्ही इथं उभे आहात, बघा." आणि साडी खोचून पायऱ्या उतरले. पाण्यात माझ्याबरोबर सोनिया उतरली, भागूबाई उतरली, आणखी तिघी-चौघी उतरल्या. आम्ही गोल करून उभ्या राहिलो.

मेघा कठड्यावर होती. आप्पासाहेब म्हणाले, "मेघा, उतर खाली. घरी चल."

ती म्हणाली, "येते आजोबा. आधी उडी मारते."

"मेघा, मी काय सांगतोय!"

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि उडी मारली.

श्रेया, उडी काही सुंदर नव्हती, पोटावरच आपटली. पण वर आली ती ओरडतच. नाकातोंडातलं पाणी पुसत तिनं वर बघितलं. "आजोबा, बघितलंत?"

आप्पासाहेब काठीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. म्हणाले, "नाही. डोळे मिटले होते मी."

मला वाटलं, आता पोर रडणार. ती चिडली! म्हणाली, "असं नाही चालणार. थांबा तिथंच. मी परत मारते, आणि आता उघडे ठेवा."

एकेक ओली पायरी चढून ती वर आली. कठड्याच्या बरीच मागं गेली. आप्पासाहेब तिच्या वाटेतच उभे होते. ती त्यांच्याकडं बघत राहिली, ते तिच्याकडं. मग त्यांनी काठी उचलली आणि दोन पावलं बाजूला सरले. तिला धावायला तेवढी जागा लागणार होती.

अक्का